खाऱ्या जमिनीचा जुना वहिवाटदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी, पूर्व आणि पश्चिम या दोन्ही महासागरांपासून हजार मैलांहूनही दूर, नेब्रास्का नावाचे गवताचे आणि मक्याचे जे सपाट राज्य पसरले आहे, त्याची राजधानी आज आहे तिथे वसण्यास इतर कारणांबरोबर मीठ हेही एक कारण झाले, असे सांगितले तर मीठ आणि समुद्र यांची सांगड लहानपणापासून मनात बसलेल्या आपल्याकडील वाचकास अचंबा वाटेल. पण तिथे भूगर्भात प्राचीन समुद्राच्या गाळाचे थर आहेत; त्यांतून खारावत आलेले पाणी सखल जागी वर झिरपते, उन्हाने आटते आणि मागे पांढरी पापुद्र्यासारखी साय ठेवते. पॉनी, ओटो इत्यादी मूळ रहिवासी हे मीठ पूर्वापार नेत आले होते. १८६७ साली नेब्रास्काला राज्याचा दर्जा मिळाला आणि राजधानीची जागा मुक्रर करण्यासाठी तिघांचा आयोग फिरू लागला, तेव्हा त्यांनी लँकेस्टर नावाच्या एका किरकोळ वस्तीवर बोट ठेवले व तिला दिवंगत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे नाव दिले. त्या निवडीमागे मिठाच्या उत्पन्नाची आशाही होती. आशा फळास आली नाही. शतक सरण्यापूर्वीच तिथला मिठाचा धंदा बसला. शहर मात्र वाढत गेले, आणि ज्या ओढ्याच्या भरवशावर ते वसले त्याचे सॉल्ट क्रीक हे नाव तेवढे राहिले.

या ओढ्याच्या आणि त्याला मिळणाऱ्या लिट्ल सॉल्ट क्रीकच्या काठी, खाऱ्या, ओल्या, उघड्या चिखलाच्या पट्ट्यांवर सुमारे अर्ध्या इंचाचा एक भुंगेरा राहतो. रंग गडद तपकिरी, त्यावर हिरवट धातूची झाक, पाय लांब आणि जबडे मोठे. हा शिकारी कुळातला असल्यामुळे त्याच्या नावात वाघ आला आहे. आपण त्यास व्याघ्र-भुंगेरा म्हणू. शास्त्रीय दप्तरात त्याची नोंद सिसिंडेला नेवाडिका लिंकनियाना अशी आहे. तो पृथ्वीच्या पाठीवर त्या शहराच्या आसपासच्या मुलखाखेरीज कुठेही नाही. २००५ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने त्याचे नाव विनाशाच्या छायेतील प्राण्यांच्या यादीत घातले, आणि २००९ साली मोजणी झाली तेव्हा पूर्ण वाढीचे १९४ भुंगेरे दृष्टीस पडले.

या क्षुद्र जीवावरून आमच्या परिचयातील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींत जो वाद झाला तो दोन्ही बाजूंनी इतक्या तयारीने झाला, की तो टिपून ठेवावा असे मला वाटले. एक रावसाहेब : महसूल खात्यात कारकुनीपासून चढत जाऊन प्रांताधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि उमेदीची वर्षे रायगड व रत्नागिरीच्या खार जमिनींत घालवलेले. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या भावजय, ज्यांना आम्ही सारेच बाई म्हणतो : प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, ज्यांची कन्या लिंकन शहरी नांदते आणि ज्यांनी तिथल्या मुक्कामात मॉल-बाजार सोडून दलदली पाहिल्या. दीर-भावजयीचे नाते जुन्या वळणाचे, अहो-जाहोचे. त्यामुळे वाद कितीही तापला तरी आवाज चढला नाही.

रावसाहेब : वहिनी, तुमच्या सांगण्यातील हकीगत मला बिनतक्रार मान्य आहे. असा भुंगेरा आहे, थोडा उरला आहे आणि तिथेच आहे, या तिन्ही बाबी मी दाखल करून घेतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. माझी सारी नोकरी खाऱ्या पाण्याशी झगडण्यात गेली. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला तो कशासाठी? उधाणाचे पाणी बांध फोडून भातखाचरात शिरले म्हणजे पुढे दोन-तीन वर्षे त्या जमिनीत धड दाणा पिकत नाही, कुळे मुंबईची वाट धरतात, आणि पंचनाम्याला गेलेल्या माणसाला त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून. खारेपणा ही जमिनीची व्याधी आणि तिचा परिहार हे सरकारचे कर्तव्य, या समजुतीवर मी आयुष्यभर शेरे मारले. आता तुम्ही सांगता की एका सधन देशातले सरकार खारी जमीन खारीच राहावी म्हणून तिजोरी उघडते. यात काहीतरी उलटे झाले आहे असे माझ्यासारख्याला वाटले तर नवल नाही.

बाई : तुमच्या खाचरात खारेपणा बाहेरून येतो, भाऊजी. (ती खाचरेही कधीकाळी खाडीचीच होती, पण तो तंटा आज उकरायला नको.) तिथे खारेपणा ही त्या भूमीची प्रकृती आहे. मी पाहिले ते असे : चहूकडे मक्याचा आणि सोयाबीनचा हिरवा समुद्र, आणि मध्येच एक सखल उघडा पट्टा, जिथे गवताचे पाते नाही, चिखलावर पांढरी झाक आहे आणि कडेने खारे गवत व लालसर मांसल देठांची मिठाची वनस्पती उभी आहे. ही वनस्पतीदेखील त्या राज्याच्या दुर्मिळांच्या यादीत आहे. समुद्रकाठी वाढणाऱ्या प्रकारची ही झाडे, समुद्र शेकडो मैलांवर असताना तिथे नांदतात. अशा पाणथळी पूर्वी त्या खोऱ्यात वीस हजार एकरांहून अधिक होत्या असा अंदाज आहे. आज चार हजारांच्या आत आहेत, आणि त्यांतल्याही पुष्कळ नावापुरत्या. भुंगेऱ्याला त्या चार हजारांतलाही बराचसा भाग चालत नाही.

रावसाहेब : का चालत नाही? इतका नाजूक का हा वाघ?

(इथे बाईंनी जे सांगितले ते त्यांच्या वर्गात बसलेल्या माणसालाच ऐकायला मिळावे अशा विस्ताराने सांगितले, आणि वादाच्या दृष्टीने अवांतर असूनही मला तेच सर्वांत मोलाचे वाटले, म्हणून ते छाटण्याचा मोह मी आवरला आहे.)

बाई : नाजूक तो नव्हे, त्याचे बालपण. प्रौढ भुंगेरा तुम्हाला दिसतो तो मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत, म्हणजे फार तर आठ-दहा आठवडे. त्या काळात तो पाण्याच्या कडेने चिखलावर धावतो, लहानसहान कीटक पकडतो, ऊन फार झाले की ओल्या जागी जाऊन अंग निववतो. या कुळातले भुंगेरे इतक्या वेगाने धावतात की धावताना त्यांच्या डोळ्यांना भक्ष्य दिसेनासे होते. थांबायचे, पाहायचे, पुन्हा धावायचे, अशी त्यांची शिकार चालते. पण हे सारे त्याच्या आयुष्यातले शेवटचे प्रकरण. मादी ओल्या खाऱ्या मातीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी तिथेच उभे बीळ खणते आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे त्या बिळात काढते. ती बिळाच्या तोंडाशी येऊन बसली म्हणजे तिचे चपटे डोके माठावरच्या झाकणासारखे जमिनीच्या पातळीत बरोबर बसते. जवळून एखादी मुंगी किंवा माशी गेली की ती मागच्या बाजूस झेप घेऊन तिला धरते आणि आत ओढते. भक्ष्याच्या ओढीने आपणच बाहेर फेकले जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवर कुबड असून त्याला आकडे असतात, ते ती बिळाच्या भिंतीत रुतवते. थंडी पडली, पाणी चढले की ती तोंड बंद करून आत बसते. आता विचार करा : दोन वर्षे एकाच बोटभर जागेत राहणाऱ्या जीवाला ती जागा दोन वर्षे ओली हवी, खारी हवी आणि उघडी हवी. ओल गेली तर बीळ ढासळते आणि अळी सुकते. खारेपणा गेला तर गोड्या पाण्याची गवते आणि पाणकणसे धावून येतात, चिखल झाकतात, आणि झाकलेल्या चिखलात तिला भक्ष्यही नाही आणि ऊनही नाही. खार आहे म्हणूनच ती जागा उघडी राहते. म्हणजे तुमची व्याधी हेच तिचे कुंपण.

रावसाहेब : वर्णन मनोवेधक आहे, आणि त्या अळीबद्दल मला आता काहीसा आदरही वाटू लागला आहे. परंतु आदर ही खर्चाची बाब होऊ शकत नाही. तुमच्याच मुलीने पाठवलेली कागदपत्रे मी वाचली आहेत. विनाशाच्या छायेतील जीवांविषयी अमेरिकेचा १९७३ चा जो कायदा आहे, त्यात एक कलम मला फार शहाणपणाचे वाटले : कीटकवर्गातील जो प्राणी उपद्रवी असून त्याचे रक्षण करणे माणसाला भारी धोक्याचे ठरेल, तो या संरक्षणाबाहेर. म्हणजे कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होते की कीटक ही वेगळी गोष्ट आहे. आता हा भुंगेरा उपद्रवी नाही हे कबूल. पण उपयोगीही नाही. तो फुलांचे परागण करत नाही, पिकावरची कीड उल्लेखनीय प्रमाणात खात नाही, त्याचे औषध होत नाही. शिवाय ही स्वतंत्र जातही नाही, उपजात आहे. त्याचे भाऊबंद पश्चिमेकडच्या दुसऱ्या खाऱ्या प्रदेशांत सुखाने नांदत आहेत. घराण्याची एक शाखा निर्वंश झाली तर घराणे बुडत नाही.

बाई : कायद्याने उपजातीलाही जातीइतकाच अधिकार दिला आहे, हे तुम्ही वाचलेल्या कागदातच असेल. पण मी कायद्यामागे लपत नाही. उपयोगाचा दावा मी लावणारच नाही, भाऊजी. कारण आज मी त्याचा काहीतरी उपयोग शोधून दाखवला आणि उद्या तुम्ही तो खोडला, तर माझी बाजू पडेल आणि भुंगेरा विनाकारण फासावर जाईल. माझा दावा निराळा आहे. तो कसा कमी झाला याचा इतिहास पाहा. रोगाने नाही, हिमयुगाने नाही, शत्रूने नाही. ओढा सरळ केला, तेव्हा त्याचे पात्र खोल खचले. पात्र खचले तेव्हा आजूबाजूच्या भूजलाची पातळी उतरली आणि झिरपे बंद पडले. शेतांतून व रस्त्यांवरून गोडे पाणी आणि गाळ उतरला, त्याने खार धुतला आणि चिखल बुजवला. राजधानीच्या पश्चिमेला मिठाचे जे मोठे कुंड होते, ज्याच्यासाठी ते शहर वसले म्हणतात, तिथे बांध घालून तळे केले, काठी करमणुकीचा बाग केला, आणि पुढे घरे बांधली. उरलेल्या पट्ट्यांशेजारी रस्त्यांचे दिवे आले, आणि हा भुंगेरा रात्री दिव्याकडे ओढला जातो. या यादीतली एकही गोष्ट दैवाधीन नाही. प्रत्येकीची मंजुरी कुठल्यातरी दप्तरात आहे, खाली कोणाचीतरी सही आहे.

रावसाहेब : सह्या करणाऱ्यांच्या जातीतला मी आहे, तेव्हा त्यांच्या वतीने बोललेच पाहिजे. १९५० च्या मे महिन्यात त्या खोऱ्यात रात्रीतून पूर आला आणि माणसे वाहून गेली, हे तुमच्या यादीत नाही. ओढे सरळ करतात ते हौसेने नव्हे. पुढे साठच्या दशकात लष्कराच्या अभियंता दलाने त्या खोऱ्यात दहा धरणे बांधली, बंधारे घातले, आणि शहर निर्धास्त झाले. त्या वेळी एखाद्याने उठून म्हटले असते की चिखलातल्या अळीसाठी हे थांबवा, तर त्याला मी दारातूनच परत पाठवले असते, आणि आजही पाठवीन.

बाई : मीही पाठवीन. पण त्या दलाचे नाव तुम्ही काढलेत म्हणून सांगते. या भुंगेऱ्याला १९१६ साली शास्त्रीय नाव देणारा थॉमस लिंकन केसी हा गृहस्थ त्याच अभियंता दलातला अधिकारी होता. भुंगेरे जमवणे आणि त्यांचे वर्णन करणे हा त्याचा छंद. म्हणजे ज्या खात्याने पुढे पाणी अडवले, त्याच खात्याच्या माणसाने आधी याची नोंद घालून ठेवली होती. सरकारच्या एका हाताला माहीत होते. दुसऱ्या हाताने विचारले नाही.

रावसाहेबांनी हसून हे दाखल करून घेतले. सरकारी खात्यांच्या परस्पर अनभिज्ञतेविषयी त्यांच्याइतका अधिकार आमच्यात कोणाला नव्हता.

बाई : आणि पुरासाठी जे केले ते निराळे, आणि पुराच्या नावावर जे केले ते निराळे. तळ्याकाठची घरे पुरासाठी नव्हती. कित्येक खारे पट्टे निचरा करून, भर घालून लागवडीसाठी घेतले, आणि त्यांत मका धड आला नाही तो नाहीच. भुंगेऱ्याचे गेले आणि शेतकऱ्याला मिळाले नाही. तुमच्या महसुली भाषेत बोलायचे तर, भाऊजी, त्या जमिनीवर त्याची वहिवाट आहे. अखंड, उघड आणि कोणाच्याही सातबाऱ्याहून जुनी. तुम्ही स्वतः कितीतरी कुळांची नावे केवळ वहिवाटीच्या पुराव्यावर सातबाऱ्यावर चढवलीत. जमीनमालक तुम्हाला काय म्हणत होते, ते आठवते का?

रावसाहेब : आठवते, आणि ते इथे सांगण्यासारखे नाही. पण दाखला चुकीचा आहे. वहिवाटीचा दावा करायला दावेदार लागतो. तो कचेरीत येऊन उभा राहतो, शेजाऱ्याची साक्ष काढतो, खोटे बोलला तर उलटतपासणीत सापडतो. तुमच्या भुंगेऱ्याच्या वतीने जे उभे राहतात ते सारे दुसरेच लोक असतात, आणि त्यांचे हेतू मला तपासता येत नाहीत. दुसरे असे की वहिवाट तुटली की हक्क तुटतो. वीस हजार एकरांतून ज्याची वहिवाट उठली, त्याला ती परत द्या म्हणणे हा निकाल नव्हे, कृपा आहे.

(माझ्या मते रावसाहेब इथे वकिली करत होते. बळजबरीने उठवलेल्या कुळाचा हक्क तुटत नाही हे त्यांनीच आपल्या निकालांतून लिहिले असणार. पण बाईंनी तो धागा धरला नाही, आणि परक्या वादात तोंड घालण्याचा अधिकार मला नव्हता.)

रावसाहेब : एक जुना दाखला देतो. टेनेसी नदीच्या खोऱ्यात बांधून पुरे होत आलेले एक धरण तीन इंची माशासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अडवले. पुढच्याच वर्षी कायदेमंडळाने त्या धरणाला सूट देऊन पाणी अडवले. आणि मग काय झाले? तोच मासा दुसऱ्या ओढ्यांत सापडला, आणि २०२२ साली त्याचे नाव यादीतून काढून टाकले. इतका गहजब कशासाठी केला होता?

बाई : त्यातले काही मासे माणसांनी दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडले होते, आणि पुढची चाळीस वर्षे नद्या सुधारल्या, तेही त्याच कायद्यांच्या धाकाने, हे तुमच्या टिपणात आले नसावे. पण क्षणभर तुमचेच धरून चालू. मासा दुसऱ्या ओढ्यात सापडू शकतो, कारण तसे ओढे दुसरे आहेत. हे खारे झिरपे दुसरीकडे नाहीत. ज्या दिवशी लिट्ल सॉल्ट क्रीकच्या काठचा शेवटचा पट्टा बुजेल, त्या दिवशी शोधायला जाण्याजोगी जागाच उरणार नाही. आणि भाऊबंदांचे म्हणाल, तर हा शेकडो मैल गोड्या गवताळ प्रदेशाने वेढलेल्या खाऱ्या बेटावर एकटा पडून वेगळा झाला आहे. पश्चिमेचा भाऊ आणून इथे सोडला, तर तो इथलाच होईल असे मी एखाद्या विद्यार्थ्याला परीक्षेत लिहू देणार नाही.

रावसाहेब : बरे. मग त्या सरकारने केले काय? इथे माझा खरा आक्षेप सुरू होतो. २०१० साली भुंगेऱ्याचा अत्यावश्यक अधिवास म्हणून १,९३३ एकर जाहीर केले. ते अपुरे आहेत म्हणून निसर्गरक्षक संस्था न्यायालयात गेल्या. त्यानंतर फेरविचार झाला, आणि २०१४ साली क्षेत्र ठरले १,११० एकर! अपील करणाऱ्याची शिक्षा वाढावी तसा हा प्रकार. शिवाय मी बारकाईने वाचले : असे क्षेत्र जाहीर झाले म्हणजे खाजगी मालकाची जमीन जप्त होत नाही, त्याच्या नांगरालाही बंदी नाही. केवळ मध्यवर्ती सरकारचा पैसा, परवाना किंवा काम तिथे येणार असेल तर त्याने आधी विचारविनिमय करायचा. याला मी अधिसूचना म्हणेन, संरक्षण म्हणणार नाही. एकतर जमीन रीतसर संपादन करा, नुकसानभरपाई द्या आणि सरकारी पट्टी ठोका. नाहीतर हे नाटक बंद करा. अर्धवट हुकूम काढणारा अधिकारी माझ्या हाताखाली असता तर त्याची बदली केली असती.

बाई : क्षेत्र घटवले ते मलाही पटलेले नाही, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. भुंगेरा आज जिथे आहे तेवढेच राखून त्याला वाढायला जागा मिळत नाही. पण जमिनीविषयी तुम्ही म्हणता तेच काम तिथे दुसऱ्या वाटेने झाले आहे, आणि सक्तीशिवाय. २००३ साली लिंकन शहर, लँकेस्टर परगणा, त्या खोऱ्यातले जलसंपत्तीचे स्थानिक मंडळ, राज्याचे वन्यजीव खाते आणि एक खाजगी निसर्गसंस्था यांनी मिळून खाऱ्या पाणथळींसाठी भागीदारी केली. विकायला तयार असलेल्या मालकाकडून राजीखुशीने जमीन घ्यायची किंवा तिच्यावर कायमची अट लिहून घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. मी पाहिलेला शूमेकर मार्श त्यातलाच : शेताखाली गेलेली जमीन परत पाणथळ केलेली. लोक तिथे पक्षी पाहायला येतात. भुंगेरा दाखवायला मात्र कोणी नेत नाही, आणि तेच बरे.

रावसाहेब : आणि प्राणिसंग्रहालयांत अळ्या वाढवतात असे ऐकतो.

बाई : ओमाहाच्या आणि लिंकनच्या प्राणिसंग्रहालयांत. रानातून थोडे प्रौढ आणायचे, त्यांची अंडी मिळवायची, आणि प्रत्येक अळीला मातीने भरलेली स्वतंत्र नळी द्यायची. स्वतंत्र अशासाठी की एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींनाच खातात. दिवस-दिवस त्यांना हाताने भरवायचे, ओल राखायची, हिवाळ्याची थंडी कृत्रिम द्यायची, आणि मग सुधारलेल्या पट्ट्यांवर नेऊन सोडायचे. हे काम करणाऱ्या मुलींची चिकाटी पाहून मी थक्क झाले. पण प्रामाणिकपणे सांगते, नळीतल्या अळीवर माझी भिस्त नाही. तिला उतरवायला जागा नसेल तर तो नुसता कलाकुसरीचा प्रकार होईल. खरे काम पाण्याचे. एका पाणथळीवर तर भूगर्भातले खारे पाणी पंपाने उपसून वर सोडतात, कारण ओढा खोल गेल्याने ते आपोआप वर येईनासे झाले आहे.

हे ऐकून रावसाहेब मोठ्याने हसले, आणि ते हसणे कुचेष्टेचे होते हे नाकारण्यात अर्थ नाही.

रावसाहेब : म्हणजे पूर्वी यंत्र लावून खारे पाणी घालवले, आता यंत्र लावून खारे पाणी आणतात! विजेचे बिल दोन्ही वेळा रयतेचे. वहिनी, नैसर्गिक म्हणून जे राखायचे त्याला पंप लागत असेल, तर त्यात नैसर्गिक काय राहिले? हा बाग झाला. शहराने बाग जरूर ठेवावा, पण त्याला निसर्ग म्हणून माझ्याकडून शिक्का घेऊ नये.

बाई : तुमच्या खार जमिनींचे बांध कोण राखते?

रावसाहेब : सरकारी योजनेतले असतील तर सरकार. खाजगी असतील तर पूर्वी गाव राखत असे. आता कोणी राखत नाही, आणि म्हणून फुटतात.

बाई : एकदा घातलेला बांध दरवर्षी माती टाकल्याशिवाय टिकतो का?

रावसाहेब : दोन पावसाळे टिकला तर नशीब. तिवरे तोडली, खेकड्यांनी बिळे केली, की एका उधाणात गेला.

बाई : मग त्या खाचराला तुम्ही शेत म्हणता की बाग? माणसाने एकदा पाण्याची रचना बदलली की तिथे पुढे जे काही हवे त्याला राबता हात लागतो. भात हवे असो की भुंगेरा. सोडून दिल्याने परत येणारी वस्तू ती राहिली नाही. ओढ्याचे पात्र वीस फूट खाली गेले तर ते भावना व्यक्त केल्याने वर येत नाही. ज्यांनी ते खाली घालवले त्यांनी पंप चालवावा.

यावर रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. बाईंच्या साऱ्या युक्तिवादांत हा एकच त्यांच्या वर्मी लागला, असे मला वाटले. आणि तो लागला याचे कारण त्यात भुंगेऱ्याविषयी दयेचा शब्द नव्हता. जैविक वैविध्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात करुणेचा भरणा इतका असतो, की जो माणूस स्वभावाने करुण नाही पण हिशेबाला चोख आहे, तो विनाकारण शत्रुपक्षात ढकलला जातो. रावसाहेबांसारखी माणसे या कामाला मिळाली तर दहा व्याख्यात्यांहून जास्त उपयोगी पडतील.

रावसाहेब : तुम्ही मला माझ्याच बांधावर आणून उभे केलेत. ठीक आहे. उपजातीविषयीचा माझा आक्षेप कायम आहे. उद्या दुसऱ्या ओढ्याकाठी ठिपके थोडे निराळे असलेला आणखी एक भुंगेरा सापडेल आणि आणखी हजार एकर मागितले जातील, ही भीतीही कायम आहे. पण पंपाचे म्हणाल, तर ती बाब मी मंजूर करीन. मात्र ती कोणत्या शीर्षाखाली टाकायची हे मी ठरवणार. संवर्धन, जनजागृती, प्रकल्प असल्या शीर्षाखाली टाकलीत की तीन वर्षांत अनुदान संपते, वरिष्ठ बदलतात, आणि पंप गंजतो. ती टाकायची पूरनियंत्रणाच्या देखभाल-दुरुस्तीखाली. बंधाऱ्याला जशी दरसाल रक्कम येते, कोणी न मागता, तशी पंपाला आली पाहिजे. ज्या कामामुळे पाणी उतरले त्याच कामाच्या खाती हा खर्च.

बाई : आणि एखाद्या साली मोजणीत शंभरच भुंगेरे दिसले, तर तुमचा लेखापरीक्षक विचारील की एका भुंगेऱ्यामागे किती पडले.

रावसाहेब : विचारू दे. बंधाऱ्याखाली त्या साली पूर आला नाही तर पुरामागे किती पडले असे तो विचारतो का? देखभालीच्या खर्चाला फळाचा भागाकार लावायचा नसतो. पण वहिनी, उलट बाजूही तुम्हाला स्वीकारावी लागेल. पंप नीट चालला, पट्टा ओला राहिला, खारा राहिला, आणि तरीही भुंगेरा गेला, तर त्या दिवशी पंप बंद करायचा की नाही?

बाई : नाही. ती मिठाची लाल वनस्पती आहे, खारे गवत आहे, वसंतात उतरणारे पक्षी आहेत.

रावसाहेब : मग सुरुवातीपासून त्या भुंगेऱ्याचे नाव कशाला पुढे केलेत? पाणथळीसाठीच मागायचे होते.

बाई : पाणथळीसाठी कोणी यादी केलेली नाही, भाऊजी. यादी प्राणी-वनस्पतींची आहे. कायद्यात ज्याचे नाव बसते त्याच्या नावाने अर्ज करावा लागतो, हे मी तुम्हाला सांगायला हवे का?